प्रवाळभित्तीवरचे मासे : मोजणी सुरू होण्याआधीचा इतिहास



व्हर्नियर कॅलिपर हातात घेतला की आधी त्याचे जबडे मिटवून दोन्ही शून्ये जुळतात का ते पाहायचे, हे विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना अकरावीतच सांगितलेले असते. इतरांनी बाजारातला तराजू आठवावा. रिकाम्या पारड्यांना पासंग आहे का हे न पाहता केलेले वजन कितीही काळजीने केले तरी चुकते. शिवाय ते दर वेळी तेवढेच चुकते, म्हणून चूक लक्षातही येत नाही.

समुद्रातल्या प्रवाळभित्तींवर राहणाऱ्या माशांच्या अभ्यासात असाच एक पासंग बराच काळ राहून गेला होता. पाण्याखाली उतरून मासे मोजण्याची पद्धत १९५० नंतर रूढ झाली. तोवर अनेक भित्तींवरचे मोठे मासे संपत आले होते. मोजणी सुरू झाली त्या दिवशी जे दिसले ते 'नैसर्गिक' म्हणून वहीत उतरले आणि पुढचे सगळे बदल तिथून मोजले गेले. हा पासंग कसा सापडला आणि तो वजा केल्यावर काय दिसले, हा या टिपणाचा विषय आहे. मुख्य उदाहरण म्हणून मी कॅरिबियन समुद्रातले जमैका बेट घेतले आहे. तिथल्या माशांविषयी जुनी कागदपत्रे आहेत, आधुनिक मोजण्या आहेत, आणि १९८० च्या दशकात तिथे जे घडले ते जगभरच्या पर्यावरणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहे. मात्र पाठ्यपुस्तकातली गोष्ट बहुधा १९८० पासून सुरू होते. आपण जरा मागून सुरुवात करू.

भित्तीवर कोण काय खाते

प्रवाळ हा प्राणी आहे. तो चुनखडीचे घर बांधतो आणि त्याच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला पुरवते. म्हणजे प्रवाळाला उजेड हवा आणि टेकायला मोकळा खडक हवा. नेमक्या याच दोन गोष्टी मोठ्या, मांसल समुद्री शैवालांनाही हव्या असतात, आणि ती प्रवाळापेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. शेतात पीक आणि तण यांचे जे नाते, तेच इथे प्रवाळ आणि शैवालाचे. खुरपणी थांबली की तण पिकावर चढते.

ही खुरपणी मासे करतात. पोपटमाशाचे दात एकमेकांना जुळून चोचीसारखे झालेले असतात. त्या चोचीने तो खडक खरवडतो, शैवालासकट चुना गिळतो आणि बारीक वाळू करून बाहेर टाकतो. उष्ण कटिबंधातल्या अनेक पांढऱ्या किनाऱ्यांची बरीचशी वाळू पोपटमाशांच्या पोटातून आलेली असते, हे सांगितल्यावर वर्गात नेहमी हशा पिकतो. पण ते खरे आहे. शेपटीजवळ चाकूसारखा काटा असलेला सर्जनमासा हाही शैवालावर चरणाराच. यांच्या वर शिकारी मासे : आपल्या कोकणात ज्याला गोब्रा किंवा हेकरू म्हणतात त्याच्या कुळातले मासे, तांबोसा, आणि सर्वांत वर शार्क. मधल्या थरात समुद्री अर्चिन खाणारे मासे असतात. अर्चिन म्हणजे काट्यांचा चेंडू. तोही शैवालच खातो, म्हणजे खुरपणीत तो माशांचा भागीदार आणि अन्नासाठी प्रतिस्पर्धी. या अर्चिनकडे लक्ष ठेवा, कारण पुढे सगळा भार त्याच्यावर येणार आहे.

जमैका : कासव, खारवलेला मासा आणि तारेचा सापळा

कोलंबस १४९४ मध्ये जमैकाला पोचला. त्याच सफरीत त्याच्या माणसांनी हिस्पॅनिओलाजवळच्या एका बेटावर आठ 'समुद्री लांडगे' मारून खाल्ल्याची नोंद आहे. हे लांडगे म्हणजे कॅरिबियन मंक सील. पुढची साडेचारशे वर्षे हा प्राणी तेलासाठी मारला गेला. १९५२ मध्ये जमैका आणि निकाराग्वा यांच्यामधल्या सेरानिया बँकेवर तो शेवटचा खात्रीने दिसला.

१६५५ मध्ये इंग्रजांनी जमैका स्पॅनिशांकडून घेतली. नव्या वसाहतीला मांस हवे होते आणि ते जवळच, केमन बेटांवर, अंडी घालायला येणाऱ्या हिरव्या कासवांच्या रूपाने चालत येत होते. उलटे करून ठेवले की कासव पळत नाही आणि आठवडे जिवंत राहते, म्हणजे शीतगृहाशिवाय ताजे मांस. १६८८ ते १७३० या काळात केमन बेटांवरून वर्षाला सुमारे १३ हजार कासवे नेली जात, असा अंदाज जुन्या नोंदींवरून काढला गेला आहे. अठरावे शतक संपता संपता तिथला हा धंदाच बसला, कारण कासवे उरली नव्हती.

मग मासे? इथे इतिहासाने एक वेगळे वळण घेतले, आणि पर्यावरणाच्या पुस्तकांत ते क्वचितच येते. जमैकाच्या ऊसमळ्यांवर लाखो आफ्रिकी गुलाम राबत होते. त्यांच्या तोंडी घालायचा प्रथिनाचा घास मळेवाले समोरच्या समुद्रातून काढत नव्हते. उत्तर अटलांटिकातला खारवलेला कॉड मासा जहाजांनी येत असे. मासेमारीसाठी माणूस मोकळा सोडणे मळेवाल्याला परवडत नव्हते. जमैकाचा राष्ट्रीय पदार्थ आजही 'अॅकी अँड सॉल्टफिश' आहे आणि त्यातला मासा जमैकाचा नाही. म्हणजे ज्या काळात कासवे आणि सील संपत होते, त्याच काळात भित्तीवरच्या लहान-मध्यम माशांवरचा काही भार हजारो किलोमीटर दूरच्या थंड समुद्राने उचलला होता. मळ्यांची व्यवस्था क्रूर होती, त्यात शंका नाही. तिचा हा परिणाम कोणी योजलेलाही नव्हता.

१८३८ मध्ये गुलामी पूर्णपणे संपली. मुक्त झालेल्या माणसांपैकी अनेकांनी किनाऱ्यावर वस्ती केली आणि होडी घातली. १८४४ च्या खानेसुमारीत बेटाची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या आसपास होती; १९६० मध्ये ती १६ लाखांवर गेली. जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर उथळ पाण्याचा पट्टा अगदी अरुंद आहे. थोडे पुढे गेले की समुद्र एकदम खोल होतो. एवढ्याशा पट्ट्यातून सगळ्यांचे कालवण निघायचे होते.

त्याचे मुख्य साधन म्हणजे सापळा, तिथल्या भाषेत 'पॉट'. काठ्यांच्या चौकटीवर जाळी ताणायची, आत शिरायला नरसाळ्यासारखे तोंड ठेवायचे आणि तो भित्तीजवळ बुडवून यायचे. पूर्वी ही जाळी वेताची किंवा बांबूच्या कामट्यांची विणत. पुढे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी छिद्रांची तारेची जाळी आली. ती स्वस्त, टिकाऊ आणि बारीक छिद्रांची. सापळा माशांची निवड करत नाही. गोब्रा शिरतो, पोपटमासा शिरतो, फुलपाखरासारखा लहानसा रंगीत मासाही शिरतो, आणि छिद्र जितके बारीक तितके लहान पिल्लू अडकते. दोर तुटून हरवलेला सापळा तळाशी पडून मासे मारतच राहतो, ते वेगळेच.

पाण्याखालची मोजणी

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये झॅक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी अॅक्वालंग बनवला. पाठीवरच्या टाकीतली दाबाखालची हवा पाणबुड्याला लागेल तेवढी, लागेल त्या दाबाने देणारा झडपेचा हा झकास नमुना आहे. यांत्रिकी शाखेच्या मुलांनी त्याचा छेदचित्रासह अभ्यास जरूर करावा. १९५४ मध्ये हवाईत व्हर्नन ब्रॉक यांनी ठरावीक लांबीच्या रेषेवरून पोहत दोन्ही बाजूंचे मासे मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. थोड्याफार फरकाने आजही जगभर हीच पद्धत वापरतात.

जमैकात थॉमस गोरो यांनी याच दशकात प्रवाळभित्तींचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्यांचा १९५९ चा प्रबंध दीर्घकाळ नमुनेदार मानला गेला. त्यांनी वर्णिलेले प्रवाळ खरोखरच भरघोस होते. उत्तर किनाऱ्यावरच्या डिस्कव्हरी बे इथे संशोधन केंद्र उभे राहिले, देशोदेशीचे विद्यार्थी तिथे शिकले आणि 'प्रवाळभित्ती अशी असते' हे चित्र त्यांच्या डोळ्यांत बसले. त्या चित्रात मोठे मासे जवळपास नव्हतेच. ते का नाहीत, हा प्रश्न फारसा कोणाला पडला नाही, कारण संशोधक प्रवाळ पाहायला गेले होते.

ज्यांना तो पडला त्यांत जॉन मन्रो यांचे नाव घ्यावे लागेल. १९६९ ते १९७३ या काळात त्यांनी पोर्ट रॉयलच्या प्रयोगशाळेतून जमैकाच्या सापळ्यांतली मासळी तपासली. त्यांनी केलेली एक युक्ती आपल्या कामाची आहे. किनाऱ्याजवळच्या, रोज सापळे पडणाऱ्या भित्तीची तुलना त्यांनी बेटाच्या दक्षिणेला दूर असलेल्या पेड्रो बँकेशी केली, कारण तिथे मासेमारी फार कमी होती. भूतकाळात जाता येत नाही. पण भूतकाळासारखी राहिलेली जागा सापडली तर तिथे जाता येते. या तुलनेतून किनाऱ्यावरची मासळी किती घटली आहे ते दिसू लागले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर किनाऱ्यावरच्या माशांचे एकूण वस्तुमान ८० टक्क्यांपर्यंत कमी झालेले होते. १९७३ च्या सुमारास सापळे टाकणाऱ्या होड्यांची संख्या समुद्राला पेलेल त्याच्या दोन ते तीन पट होती. शार्क, मोठे तांबोसे, गोब्रे जवळपास दिसेनासे झाले होते. सापळ्यांत येणाऱ्या जातींपैकी निम्म्या जातींचे मासे एकदाही अंडी घालण्याच्या आधी पकडले जात होते. मन्रो यांनी जाळीची छिद्रे मोठी करा असे सांगितले. ज्याच्या घरात आजच्या कालवणाची चिंता आहे त्याला हा सल्ला पटायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मिळाला नाही.

१९८० ते १९९३

ऑगस्ट १९८० मध्ये अॅलन चक्रीवादळ उत्तर किनाऱ्यावर आदळले. शिंगांसारखी फांद्या फुटलेली प्रवाळे अक्षरशः कुटली गेली. तसे पाहता वादळ हा भित्तीच्या आयुष्यातला नेहमीचा प्रसंग. प्रवाळांची पिल्ले पुन्हा खडकावर धरू लागली आणि दोन-तीन वर्षे सुधारणा दिसली.

जानेवारी १९८३ मध्ये पनामाच्या किनाऱ्यावर डायडेमा जातीचे लांब काळ्या काट्यांचे अर्चिन मरू लागले. समुद्रप्रवाहांच्या वाटेने ही मरी वर्षभरात जवळजवळ सगळ्या कॅरिबियनमध्ये पसरली. जमैकात ९९ टक्के अर्चिन मेले. आणि त्यानंतर शैवालाने भित्तीचा ताबा घेतला. टेरी ह्यूज यांनी १९९४ मध्ये ३०० किलोमीटरहून अधिक किनाऱ्यावरची आकडेवारी मांडली : १९७७ मध्ये तळाचा सरासरी ५२ टक्के भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला होता, तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ३ टक्क्यांवर आला, मांसल शैवाल ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेले.

हे आकडे पाहिले की दोष वादळाला किंवा मरीला द्यावासा वाटतो. आता अभियंत्याच्या नजरेने पाहा. पाणीपुरवठा केंद्रात एक पंप चालतो आणि एक राखीव असतो. इथे शैवाल खुडण्याचे काम करणारे दोन पंप होते, मासे आणि अर्चिन. पहिला पंप कित्येक दशके आधीच बंद पडला होता. तो बंद पडल्याचे कळले नाही, कारण राखीव पंप पूर्ण भाराने चालत होता आणि नळाला पाणी येत होते. त्याहून वाईट म्हणजे राखीव पंप इतका जोरात चालत होता तोही पहिला बंद पडल्यामुळेच. अर्चिन खाणारे मासे सापळ्यांत गेले, चाऱ्यात वाटेकरी असणारे मासेही गेले, म्हणून अर्चिनची संख्या वाढली. जास्त मासेमारी झालेल्या भित्तींवर अर्चिन दाट आणि कमी मासेमारीच्या भित्तींवर विरळ, हे पुढे अनेक ठिकाणच्या तुलनेतून दिसून आले. जुन्या निबंधांतून 'कॅरिबियनमध्ये मुख्य चरणारा प्राणी अर्चिन' असे वाक्य भेटते. ज्या भित्ती संशोधकांना सोयीच्या, रस्त्याजवळच्या होत्या त्या मच्छीमारांनाही सोयीच्या होत्या. त्या वाक्याचे मूळ तिथे आहे.

एकाच जातीवर सगळी मदार आणि ती जात दाटीने राहणारी, म्हणजे रोगाला आमंत्रणच. १९८३ च्या मरीचा जंतू तेव्हा ओळखता आला नाही. २०२२ मध्ये कॅरिबियनमध्ये डायडेमाची दुसरी मरी आली तेव्हा मात्र तिचा कारक असलेला एकपेशीय सूक्ष्मजीव वर्षभरात शोधून काढण्यात आला.

पासंग किती होता?

१९९५ मध्ये डॅनियल पॉली यांनी मत्स्यशास्त्रज्ञांना उद्देशून अवघ्या पानभराचा एक लेख लिहिला. त्यांचा मुद्दा असा, की शास्त्रज्ञांची प्रत्येक पिढी स्वतःच्या उमेदवारीच्या काळात जेवढे मासे पाहते तेवढे पूर्ण मानते. पुढची पिढी आणखी कमी पाहते आणि त्याला पूर्ण मानते. शून्यरेषा अशी हळूहळू खाली सरकत जाते आणि कोणालाही मोठा ऱ्हास दिसत नाही. पॉली यांनी सुचवले की जुन्या लोकांनी सांगितलेल्या, लिहून ठेवलेल्या गोष्टींना 'किस्से' म्हणून बाजूला टाकू नका, त्यांना पुरावा म्हणून वाचायला शिका. दोन वर्षांनी जेरेमी जॅक्सन यांनी कोलंबसापासूनच्या कॅरिबियन भित्तींवर लिहिताना नेमके तेच केले. कासवांचे वर दिलेले आकडे त्या लेखामुळे पर्यावरणशास्त्राच्या चर्चेत आले.

मग असे पुरावे शोधण्याची एक शाखाच उभी राहिली. तिच्यातली तीन-चार कामे मला विशेष आवडतात, कारण त्यांत साधने साधी आहेत आणि विचार नेटका.

पहिले काम मंक सीलचे. लॉरेन मॅक्लेनाकन आणि अँड्र्यू कूपर यांनी २००८ मध्ये जुन्या प्रवासवर्णनांतून आणि नकाशांतून सीलच्या वसाहतींच्या जागा जमवल्या आणि एकेकाळी कॅरिबियनमध्ये सुमारे २ लाख ३३ हजार ते ३ लाख ३८ हजार सील असावेत असा अंदाज काढला. मग हिशेब उलटा केला. इतक्या सीलना रोज पोटभर मासे मिळायचे तर भित्तीवर किती मासे असायला हवेत? उत्तर आले : आजच्या सर्वसाधारण कॅरिबियन भित्तीवर आहेत त्याच्या चार ते सहा पट. सील उरले नाहीत, त्या काळचे मासे कोणी मोजले नाहीत. तरी खाणाऱ्याच्या भुकेवरून ताटातले अन्न काढता आले.

दुसरे काम उकिरड्यांचे. कॅरिबियन बेटांवर युरोपीय येण्याआधी राहणाऱ्या लोकांच्या खरकट्याच्या ढिगांत माशांची हाडे सापडतात. एलिझाबेथ विंग आणि सहकाऱ्यांनी पाच बेटांवरचे जुने आणि नंतरचे थर तुलनेला घेतले. नंतरच्या थरांत भित्तीवरचे मासे आकाराने लहान आणि शिकारी मासे कमी होते. म्हणजे १४९४ हे सालही स्वच्छ शून्य नव्हे. कोलंबसापूर्वीचा समुद्र अस्पर्श होता असे जे आपण सहज धरून चालतो, त्याला या हाडांनी छेद दिला.

पनामातल्या बोकास देल तोरो इथे केटी क्रेमर आणि सहकाऱ्यांनी भित्तीत नळ्या ठोकून सुमारे ३ हजार वर्षांचा गाळ बाहेर काढला आणि त्यातले पोपटमाशांचे दात मोजले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात असे दिसले की पोपटमासे जास्त होते तेव्हा भित्ती वेगाने वाढत होती, ते घटले तेव्हा वाढ मंदावली.

आणि चौथे काम छायाचित्रांचे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या टोकाला की वेस्ट हे बंदर आहे. हौशी लोक तिथे दिवसभरासाठी नाव भाड्याने घेऊन मासे धरतात आणि संध्याकाळी धक्क्यावर त्या दिवसाची मासळी फळीला टांगून शेजारी उभे राहून फोटो काढून घेतात. असे कित्येक फोटो तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात जमा होते. मॅक्लेनाकन यांनी १९५६ पासूनचे फोटो घेतले, २००७ मध्ये त्याच धक्क्यावर जाऊन नवे फोटो काढले, आणि फोटोंवरून माशांची लांबी मोजून वजन काढले. १९५६ मध्ये टांगलेल्या माशाचे सरासरी वजन १९.९ किलो होते, २००७ मध्ये २.३ किलो. शार्कची सरासरी लांबी निम्म्याहून खाली आली होती. जुन्या फोटोंत माणसाएवढे गोब्रे आहेत; नव्यांत वीतभर-हातभर तांबोसे. माणसांच्या चेहऱ्यावरचे हसू मात्र दोन्हीकडे सारखेच आहे. महागाई वजा केली तर सहलीचे भाडेही फारसे उतरलेले नव्हते. पॉली यांचा पानभराचा लेख चित्ररूपाने पाहायचा असेल तर हे फोटो पाहावेत.

इथे एक शंका तुम्ही घ्यायलाच हवी. लोक सर्वांत मोठ्या माशासोबतच फोटो काढतात, मग हा नमुना पक्षपाती नाही का? आहेच. पण तो १९५६ मध्ये जितका पक्षपाती होता तितकाच २००७ मध्येही आहे. त्यातून समुद्रातल्या माशाचे सरासरी वजन काढता येणार नाही, मात्र काळानुसार होणारा बदल काढता येतो. स्थिर त्रुटी वजाबाकीत निघून जाते, हे तुम्ही प्रयोगशाळेत शिकलेलेच आहे.

वाद अजून मिटलेला नाही

एवढे वाचून 'पोपटमासे वाचवा म्हणजे प्रवाळ वाचेल' असे सूत्र पाठ करू नका. १९७० ते २०१२ या काळातल्या कॅरिबियन भित्तींचा एक मोठा आढावा २०१४ मध्ये जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्यात प्रवाळाचे सरासरी आच्छादन सुमारे ३५ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलेले दिसले, आणि जिथे पोपटमासे राखले गेले तिथली स्थिती तुलनेने बरी होती. बर्म्युडाने १९९० मध्येच सापळ्यांवर बंदी घातली होती. बेलीझने २००९ मध्ये शैवाल खाणारे मासे पकडायला बंदी केली. पण दुसरी बाजूही भक्कम आहे. फांद्यांच्या प्रवाळांना १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून एका पांढऱ्या पट्ट्याच्या रोगाने मारले, आणि त्या रोगाला भित्तीवर मासे किती याच्याशी देणेघेणे नव्हते. फ्लोरिडात पोपटमाशांची मासेमारी जवळपास नाही, तरी तिथले प्रवाळ कोसळलेच. समुद्र तापला की प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो; राखीव क्षेत्राची हद्द त्या उष्णतेला अडवत नाही. माझे मत विचाराल तर दोन वेगळे प्रश्न एकत्र मिसळल्याने हा वाद लांबला आहे. प्रवाळ मरतो कशाने, हा एक प्रश्न. मेल्यावर त्या जागी पुन्हा प्रवाळ येतो की शैवाल, हा दुसरा. माशांचा संबंध मुख्यतः दुसऱ्याशी आहे.

मासे परत येतात का, याचे उत्तर फिलिपाइन्समध्ये मिळते. सिलिमान विद्यापीठाचे एंजल अल्काला यांनी १९७४ मध्ये सुमिलोन बेटाच्या भित्तीचा काही भाग मासेमारीला बंद करवला. १९८२ मध्ये जवळच्या आपो बेटावर गावकऱ्यांनी तसेच केले. ऑस्ट्रेलियाचे गॅरी रस आणि अल्काला यांनी १९८३ पासून दोन्ही ठिकाणचे मासे मोजायला घेतले. १९८४ मध्ये सुमिलोनचे संरक्षण मोडले आणि मासेमारी सुरू झाली. राखीव भाग खुला झाला म्हणजे मच्छीमारांना जास्त मासे मिळायला हवे होते; प्रत्यक्षात बेटाभोवतीची एकूण मासळी सुमारे निम्म्यावर आली. उलट आपोमध्ये १८ वर्षांनंतरही मोठ्या शिकारी माशांचे वस्तुमान वाढतच होते. ते पूर्ण भरायला तिथे सुमारे ४० वर्षे लागतील असा दोघांचा अंदाज होता. पुढे डिसेंबर २०११ आणि डिसेंबर २०१२ च्या वादळांनी आपोच्या राखीव भागातले प्रवाळ उद्ध्वस्त केले आणि त्याबरोबर तिथले मासेही घटले. ४० वर्षांचा हिशेब वादळ येणार नाही असे धरून केलेला होता.

लक्षद्वीप

आपल्या देशातले सर्वांत महत्त्वाचे उदाहरण जमैकाच्या जवळपास उलटे आहे. लक्षद्वीपच्या माशांची शास्त्रीय यादी जुनी आहे. स्टॅन्ली गार्डिनर यांची मोहीम १८९९-१९०० मध्ये तिथे जाऊन आली, आणि एस. जोन्स व एम. कुमारन यांच्या १९८० च्या ग्रंथात ६०३ जाती आहेत. पण यादीत नावे असतात, संख्या नसतात.

मिनिकॉय बेटावर लांब काठी आणि गळ वापरून खोल समुद्रात कुपा, म्हणजे ट्यूना, धरण्याची परंपरा होती. १९६० च्या दशकापासून सरकारी प्रोत्साहनाने यंत्रचालित होड्या आल्या आणि ही पद्धत इतर बेटांवर पसरली. ट्यूना उकडून, धुरी देऊन, सुकवून विकला जाऊ लागला. बेटांवरची दाट वस्ती अशी बाहेरच्या समुद्रावर पोसली गेली आणि भित्तीवरचे मासे बरेचसे राहिले. जमैकातल्या खारवलेल्या कॉडची इथे आठवण येते. तिथे मासा बाहेरून येत असे, इथे माणसे बाहेर जाऊन आणत. दोन्हीकडे भित्तीला उसंत मिळाली, आणि दोन्हीकडे तो हेतू नव्हता.

१९९८ मध्ये एल निनोच्या उष्णतेने लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले. रोहन आर्थर आणि सहकारी तेव्हापासून अगत्ती, कडमत, कवरत्ती इथल्या भित्ती मोजत आहेत. त्यांना मेलेल्या प्रवाळांवर जमैकासारखे शैवालाचे रान माजलेले दिसले नाही. चरणारे मासे भरपूर होते, त्यांनी खडक खुडून मोकळा ठेवला आणि काही ठिकाणी प्रवाळ वेगाने परतला. मग २०१० मध्ये उष्णता आली, २०१६ मध्ये पुन्हा आली. प्रत्येक वेळी सावरायला मिळणारा अवधी कमी पडत गेला. १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के असलेले प्रवाळाचे आच्छादन २४ वर्षांत २० टक्क्यांच्या खाली आले.

गेल्या काही वर्षांत तिथे भित्तीवरच्या माशांना, विशेषतः गोब्र्यांना, बाहेरची व्यापारी मागणी येऊ लागली आहे. ट्यूनाचा भाव पडला की होडीवाल्याला भित्ती जवळची वाटते, आणि त्याच्या घरखर्चाच्या बाजूने पाहिले तर त्यात नवल काही नाही. बेटांवर ज्यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत गळ टाकला ती माणसे आज सत्तरीच्या घरात आहेत. किती मोठा गोब्रा कोणत्या कडेला, कोणत्या महिन्यात मिळत असे, हे त्यांना ठाऊक आहे; कोणाच्या घरी की वेस्टसारखा मासळीसोबत काढलेला फोटोही असेल. तुमच्यापैकी कोणी कोची किंवा कालिकतमध्ये शिकत असेल, वर्गात अगत्ती-कवरत्तीची मुले असतील, तर सत्राचा प्रकल्प म्हणून या आठवणी तारीख, ठिकाण आणि माशाची लांबी यांसह टिपून घेता येतील. मोठा मासा दाखवताना माणसे हात थोडे जास्तच फैलावतात, तेव्हा प्रत्येकाला तोच प्रश्न त्याच क्रमाने विचारा आणि लांबी शक्यतो होडीच्या फळीवर खूण करून मोजा. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळ पुन्हा पांढरे पडले आहेत.